रबराचे सोवळे

२८ सप्टेंबर
गार्गीच्या दवाखान्यात आजही जाऊन बसलो. गंगापूर रोडवर पाटी लागून चार महिने झाले. बाहेरच्या खोलीत खुर्च्या सहा. त्यांतील भरलेली एक, तीही माझ्यामुळे. रस्त्याने जाणाऱ्यास काचेतून कोणीतरी दिसावे, एवढाच हेतू. वर्तमानपत्र उलटे धरले होते, हे नंतर कळले.

नात बाहेर आली. "आबा, तुम्ही इथे रोज बसता ते पेशंट म्हणून की वॉचमन म्हणून?"
"पेशंट म्हणून." स्वाभिमानाच्या भरात बोलून गेलो.
"मग आत या. आ करा."

खुर्चीत निजवले, दिवा ओढला. चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवताना मी मुलांना आ करायला लावून जिभेचे टोक कोठे टेकते ते पाहत आलो. दिवा माझ्या तोंडावर आज प्रथमच. बराच वेळ पाहिले आणि शेवटी नुसते "हं" म्हणाली.
हा 'हं' माझा आहे. चुकलेल्या उत्तरावर मी असाच म्हणत असे. पोरीने केव्हा उचलला?

३० सप्टेंबर
निदान. वरचे पुढचे चार दात बाहेर झुकले आहेत, त्यांच्यात फटी. खालची डावी दाढ पंधरा वर्षांपूर्वी काढली. तिच्या मागची दाढ तेव्हापासून मोकळ्या जागेत कलंडत आली आहे. पंगतीतला एक उठला की शेजारचा पाय पसरतो, तसे. गा.ने (नातीचे नाव येथून पुढे एवढेच) पडद्यावर चित्र मोठे करून दाखविले. हिरड्या वयाच्या मानाने चांगल्या, हाड पुरेसे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दात हलतात का, असे विचारले. म्हणाली, "हलतात. तरुणांपेक्षा सावकाश. पण तुमचे तर आपण होऊनच हलतायत, आबा, फक्त चुकीच्या दिशेला. असंच ठेवलं तर चार-पाच वर्षांत पुढचे पडतील."
"म्हणजे पोथीही पडली."
"तुमच्या फटीतून वारा जातो. मला ऐकू येतो."

दोन वर्षे मलाही ऐकू येत आहे. कोणास सांगितले नव्हते. घरात कोणाच्या कानी आले नाही असे धरून चाललो होतो. ही गेल्या अधिक मासात मागच्या रांगेत बसून ऐकत होती म्हणे.
येत्या मे महिन्यात पुन्हा अधिक मास. पंचवटीत आमच्या मुरलीधराच्या मंदिरात महिनाभर वाचन. माझी नववी खेप. त्याआधी ती जागा वडिलांची.
गा.चे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवतो: "पूर्ण उपचाराला दीड वर्ष लागेल. पण फटी मी वाचनाच्या आत मिटवून देईन."
वचन देताना आवाज कापला नाही. मला आवडले.

२ ऑक्टोबर, विजयादशमी
सीमोल्लंघन जाहीर केले. सौ. आपट्याची पाने ताटात लावीत होत्या. हात थांबला.
"तारा? त्या शाळेतल्या पोरी लावतात त्या?"
"त्याच."
"कुणाशी लग्न ठरवायचंय का?"
सायंकाळी सोने द्यायला अण्णा आला. बालमित्र, मंदिराचा व्यवस्थापक, त्यामुळे दोन्ही नात्यांनी बोलण्याचा अधिकार. "शास्त्रीबुवा, नातीच्या दवाखान्याची जाहिरात तोंडावर लावून हिंडणार म्हणे."
"हिंडणार. आणि तोंड उघडे ठेवून हिंडणार."
हसला; मग गंभीर झाला. "वाचनाचं बघ हं. तोंडात लोखंड घेऊन 'श' आणि 'स' निराळे काढशील? बिघडलं तर लोक तुला एक शब्द बोलायचे नाहीत. पोरीला बोलतील. म्हणतील, पहिल्याच माणसाची वाणी घालवली, तीही घरातल्या."
एवढे मात्र खरे बोलला. येथून पुढे माझ्या तोंडात तिची पत आहे.

१४ ऑक्टोबर
बंधन झाले. आठवडाभर दाढांच्या फटींत निळ्या रबरी कड्या घालून जागा करून ठेवली होती (शेवग्याच्या शेंगेचा दोर अडकून बसावा, तसे वाटे). आज त्या काढून दाढांना पट्ट्या बसविल्या. मग गाल दोन्हीकडे ताणून धरणारे साधन. त्यात मनुष्य अश्वमुख दिसतो. दातांवर आंबट मलम, पाणी, वारा, डिंक, एकेक चौकोनी बटण, त्यावर निळा प्रकाश. अठ्ठावीसांपैकी सत्तावीस दात माझे; पट्टीच्या दाढा सोडून प्रत्येकास एक बटण. शेवटी त्यांतून तार ओवली. सुताराने ओळंबा धरावा तसा तिचा हात स्थिर होता.
साहाय्यक मुलगी: "आजोबा, तारेवरच्या रिंगा कुठल्या रंगाच्या?"
गा. म्हणाली, "राखाडी लाव. हळदीने बाकीच्या पिवळ्या पडतात."
मी म्हणालो, "मग पिवळ्याच लावा. पीतांबराचा रंग आहे. पडायचे ते आधीच पडून मोकळे."
गा. मास्कच्या आत हसली. डोळ्यांवरून कळते.

१६ ऑक्टोबर
वेदना म्हणण्याजोगी नाही. परंतु सत्तावीस दात आपापले अस्तित्व स्वतंत्रपणे कळवीत आहेत. पोळी दुधात कुस्करून. भाकरी वर्ज्य. वरणभात, मऊ खिचडी, केळे. गालास आतून बटण घासले. तेथे मेणाची गोळी दाबून बसवायची. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. प्रत्येक खाण्यानंतर दात घासणे, फटीत घालायचा ब्रश निराळा, बाटली धुण्याच्या ब्रशाचे बाळ जणू. दिवसातून चार वेळा. सौ. म्हणाल्या, "देवाला इतकी अंघोळ घालत नाही तुम्ही."
पाठ म्हणून पाहिला. 'स'बरोबर शीळ. पूर्वी वारा होता, आता शीळ. प्रगती म्हणावी काय?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
चकली, कडबोळे, चिवडा, खोबऱ्याचे तुकडे, जेवणानंतरची सुपारी: सर्व निषिद्ध. नाशिकचा मनुष्य आणि दिवाळीत चिवडा नाही. लाडवावर भागविले. गल्लीतली पोरे "आजोबा, हसा ना!" म्हणून मागे लागली होती. हसून दाखविले.

९ नोव्हेंबर
दवाखान्यात तार बदलण्याचा दिवस. आज सहापैकी तीन खुर्च्या भरलेल्या! नामपूरहून एक बाई, बरोबर तेरा-चौदा वर्षांची लेक. लेक ओढणीने तोंड झाकून. आईने माझ्याकडे निरखून पाहिले.
"बाबा, तुमना बी दात वाकडा शेतस का?"
"होते. सरळ होत आहेत."
"दुखस का?"
"पहिले चार दिवस. मग तेच करमणूक करतात." आणि आ करून पिवळ्या रिंगा दाखविल्या. पोरीची ओढणी किंचित खाली आली. मला म्हणाली, "मला निळ्या पाहिजेत."
आत जाऊन गा.ला सांगितले, "बाहेर एक निळी आहे." तिला काही समजले नाही.
परतीच्या वाटेवर छाती फुगलेली. हा दोष आहे हे जाणतो. असो.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ चावण्याची बंदी. तोंडात धरून विरघळू दिला. गोड बोलण्यापूर्वी पाऊण तास मौन घडले.
शीळ गेली! महिनाभर रोज संथ म्हटले, एकेक अक्षर, बिगरीच्या मुलासारखे. जीभ नवे घर शिकली. वारा मात्र अजून आहे. दात रांगेत आले, पण रांगच पुढे आहे. गा. म्हणते, आता ती मागे आणायची.

३ फेब्रुवारी
नवा विधी. बारीक रबरी वलये, मुगाच्या दाण्याएवढी. वरच्या सुळ्याच्या आकड्यापासून खालच्या मागच्या दाढेपर्यंत ताणून लावायची, दोन्ही बाजूंस. ती पुढच्या रांगेस मागे ओढणार. गा.ने आरशासमोर दहा वेळा लावायला लावली.
"आबा, हे महत्त्वाचं आहे. तार मी बसवलीय, ती तिचं काम करते. रबराचं काम फक्त तुमच्या हातात. जेवताना आणि दात घासताना काढायची. बाकी दिवसभर, झोपेतसुद्धा. रोज नवीन जोडी."
"समजले."
"नक्की?"
"चाळीस वर्षे मी हाच प्रश्न विचारला आहे. समजले."

४ फेब्रुवारी
एक अडचण. प्रातःसंध्येस बसलो, आचमनाची पळी ओठांशी नेली आणि स्मरले, तोंडात रबर आहे. तारा निराळ्या: त्या दातांस चिकटल्या, देहाचा भाग झाल्या. रबर काढता-घालता येते, लाळेत भिजते; म्हणजे तोंडात वस्तू धरून मंत्र म्हणणे झाले. तोंड उष्टे. काढून ठेवले. संध्या, पूजा, पाठ झाल्यावर पुन्हा लावायला गेलो, तर काढलेले रबर तेही उष्टेच. नवी जोडी घेतली. हे शुद्ध झाले.
दुपारी पोथी. काढले. सायंसंध्या. काढले. प्रत्येक वेळी नवीन. निजताना नामस्मरण करता करता डोळा लागतो, तेव्हा तेही.
पाकीट लवकर संपेल. हरकत नाही.

१० मार्च
गा.ने पट्टीने मोजले. पुन्हा मोजले. पुढची रांग होती तेथेच. "हं." निराळा 'हं'.
"रबरं लावता ना, आबा?"
"लावतो."
तिने साहाय्यक मुलीस विचारले. ती म्हणाली, "मॅडम, आजोबा तिसरं पाकीट घेऊन गेले. कुणाचं एवढं संपत नाही."
"म्हणजे दिलेल्यापेक्षा जास्तच वापरताय," गा. म्हणाली. "मग माझ्याच प्लॅनमध्ये काहीतरी..." वाक्य तसेच सोडले.
लावतो हे असत्य नव्हते.
केव्हा लावतो ते तिने विचारले नाही.

१९ मार्च, पाडवा
कडुनिंबाची चटणी. गुढी उत्तम. गा. आली नाही, दवाखान्यात माझ्या दातांचे साचे पुढे ठेवून बसली आहे, असे चि. मोहनने (तिचे वडील) फोनवर सांगितले. सणाच्या दिवशी.
अण्णा दारावरून जाताना: "दोन महिने राहिले, शास्त्रीबुवा. वारा बंद झाला का खिडकीतला?"
"होईल."
"पिंपळगावचा एक तरुण वाचक आहे. आवाज घंटेसारखा. नुसतं सांगून ठेवतो."

७ एप्रिल
पुन्हा मोजणी. अर्धा मिलिमीटर. गा. आज एकदाही हसली नाही. आपल्या जुन्या शिक्षकांना तिने चित्रे पाठविली आहेत. हाडात बारीक स्क्रू बसवून ओढावे लागेल काय, असे त्यांना विचारले आहे. "तुमच्या वयाचा हिशेब मी चुकीचा धरला असेन, आबा." माझा हात धरून म्हणाली.
घरी येऊन जेवलो नाही. सौ.ना सांगितले, पोट जड आहे.

१९ एप्रिल
लिहिणे कठीण, तरी लिहितो.
सकाळी पूजेनंतर सौ. केरसुणी घेऊन देवघराशी वाकल्या. तळहातावर काही घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आठ-दहा रबरी वलये.
"हे काय निघतंय देवघराच्या कोपऱ्यातनं रोज? मला आधी वाटलं, उंदराने काही कुरतडलंय."
"उपचाराची रबरे. पूजेपूर्वी काढून ठेवतो."
"आणि?"
"नंतर नवी लावतो. उष्टी कशी लावणार?"
"पूजेला काढता. पोथीला?"
"काढतो."
"संध्याकाळी? निजताना?"
सर्व सांगितले. कारणांसह सांगितले. सौ. शांतपणे ऐकत होत्या. ते चिन्ह चांगले नसते.
"मग लावता तरी केव्हा?"
विचार केला. "वर्तमानपत्र वाचताना. आणि भाजी आणायला जातो तेव्हा."
त्या पाटावर बसल्या. "अहो, पोरगी पाटी उतरवायला निघालीय. पुण्याला कुणाच्या तरी मोठ्या दवाखान्यात नोकरी धरते म्हणाली. म्हणे, आजी, मला घरचे सत्तावीस दात जमेनात, लोकांचे काय घेऊन बसू? तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुमचा विश्वास आहे म्हणून."
मी म्हणालो, "पण शास्त्राने..."
"शास्त्राचं सांगू नका. तुमचे गुरुजी. त्यांची कवळी होती की नाही?"
"होती."
"रोज पितळी वाटीत काढून ठेवायचे, ती वाटी मीच धुतलीय. पुन्हा तीच घालून सोवळ्यात मंत्र म्हणायचे. ती कवळी काय सोवळ्यात होती? रोज नवी आणत होते?"
त्रेपन्न वर्षांच्या संसारात वादात दुसऱ्यांदा हरलो.

गुरुजींची मूर्ती डोळ्यांसमोर. कवळी घालीत, पाण्याचा एक घोट, मग पहिला स्वर, निर्मळ, सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत. त्यांच्या पायाशी बसून बारा वर्षे शिकलो आणि त्यांच्या मुखाकडे कधी पाहिलेच नाही काय?
वाणी शुद्ध राहावी म्हणून जे तोंडात आले, तेच अशुद्ध ठरवून बसलो. पांडित्य हे असे चकवते.

२० एप्रिल
जायला हवे होते. गेलो नाही. छत्री सापडत नाही, ऊन आहे, अशी कारणे. एका विद्यार्थ्याला मी गृहपाठ न केल्याबद्दल वर्गाबाहेर उभे केले होते. तो आजारी होता, हे नंतर कळले. त्याची क्षमा मागितली नव्हती. आज त्याचे नावही आठवले.

२१ एप्रिल
गेलो. बाहेर पाच खुर्च्या भरलेल्या, नामपूरच्या मायलेकीही. दार उघडे होते, लोटावे असे वाटले, लोटले नाही. जे बोलायचे ते ऐकू जाण्याजोगेच बोलायचे, असे ठरवून आलो होतो.
"गार्गी, तुझ्या आराखड्यात चूक नाही. मी रबर दिवसातून चार तास लावतो."
"पण पाकिटं..."
"दर वेळी नवीन लावतो. म्हणून संपतात."
सगळे सांगितले. आचमन, उष्टे, नामस्मरण, काल न सापडलेली छत्रीही. तिचा चेहरा आधी कोरा, मग लाल.
"आबा, अडीच महिने! मी सगळे साचे तीनदा मोजले. सरांना पत्र लिहिलं की मला हाडाचा अंदाज येत नाही. तुमच्या हाडात मी स्क्रू घालणार होते, आबा! आणि तुम्ही भाजी आणायला जाताना रबर लावत होतात?"
"होय."
"तुम्ही आयुष्यात एका मुलाला तरी गृहपाठाची सबब चालू दिलीत का?"
"नाही."
"मग मी का देऊ?"
तेवढ्यात बाहेरून नामपूरच्या पोरीचा आवाज: "आजोबांना ओरडल्या!" आणि तिच्या आईचा: "चूप. चुकना तो बाबा."
गा. पाठ फिरवून हात धूत राहिली. गरजेपेक्षा बराच वेळ. मग मागे न पाहता म्हणाली, "मला विचारायचं होतं. पूजेत चालेल का म्हणून. मी तुमच्यासाठी काहीतरी वेगळं बसवलं असतं. मी डॉक्टर आहे, आबा, पण तुमची नात पण आहे. मला माहीत नाही का सोवळं?"
तिचे नाव मीच ठेवले होते. विद्वानांच्या सभेत उभी राहून प्रश्न विचारणारी स्त्री घरात असावी म्हणून. सभा माझीच निघाली.
आ केला. तिने स्वतःच्या हाताने रबर लावले. "आता जेवेपर्यंत काढलंत तर आजीला सांगीन."
ओशाळलो होतो, हे खरे. परंतु परतताना रिक्षात लक्षात आले, मी ताठ बसलो होतो. कोणाच्याही बापाला न भिता रागावते. सर्वांसमोर, नीट, मुद्द्याला धरून. माझ्या हाताखालून अनेक मुले गेली, पण असे रागावता एकासही आले नाही.

२२ एप्रिल
प्रातःसंध्या, रबरासह. पहिल्या आचमनास हात किंचित अडला. गुरुजींची पितळी वाटी आठवली. अडथळा गेला.
जबडा पूर्ण उघडत नाही. 'आ'कार आखूड. पुन्हा बिगरी.

५ मे
मोजणी. एक मिलिमीटर, आणि थोडे अधिक! तेरा दिवसांत. गा.ने पट्टी माझ्यासमोर धरून दाखविली, मग साहाय्यक मुलीस दाखविली, मग काचेबाहेर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांसही दाखविणार होती, थांबली. स्क्रूचा विचार रद्द. पुण्याच्या नोकरीविषयी मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.
"वाचनाच्या आत मिटतील?"
"अडीच महिने तुम्ही खाल्लेत, आबा. आता वचन देणार नाही. प्रयत्न करीन."
योग्य बोलली.

१६ मे
उद्यापासून अधिक मास. अण्णा परीक्षा घ्यायला आला, परीक्षा म्हणाला नाही. मंदिरात मला आसनावर बसविले, स्वतः शेवटच्या खांबाशी, डोळे मिटून. अर्धा अध्याय वाचला. डावी फट सुतासारखी उरली आहे, उजवी मिटली. मी मुद्दाम जेथे 'स' दाट आहे तो भाग घेतला.
उठून आला. "पिंपळगावच्या पोराला फोन करायचा होता," म्हणाला.
"मग?"
"मोबाइल घरी राहिला." आणि चपला घालून निघून गेला.
अण्णाचा मोबाइल सदऱ्याच्या खिशात होता. दिसत होता.

१७ मे, अधिक मासारंभ
पहिला अध्याय वाचला. सौ.नी तेहतीस अनारसे केले आहेत. मला दुधात भिजवून एक. सभामंडप भरलेला. रबर तोंडात. सांगण्यासारखे एवढेच की, वाचताना दोनदा विसरलो की ते तोंडात आहे.
दोन श्रोत्यांनी उठताना विचारले, "दातांची डॉक्टर म्हणतात ती तुमचीच नात का?" आई-वडिलांच्या मागे लपलेल्या मुलांचे दात मी आपण होऊनच पाहू लागलो आहे. ही सवय बरी नव्हे.

२४ मे, रविवार
आठवा अध्याय. गा. दवाखाना बंद ठेवून आली. मागच्या रांगेत, डोळे मिटून बसली. लहानपणी बसे तशी. मला तिचा चेहरा दिसत होता आणि तो पाहायचा नाही असे ठरविले होते, पाहिला. एका ठिकाणी तिने एक डोळा उघडला. तेथे वारा सुटला होता. थोडासा. ते तिला कळले आणि मला कळले. दुसऱ्या कोणास कळले असेल असे वाटत नाही. अण्णास कदाचित.
आरती झाली. लोक प्रसादासाठी रांगेत उभे राहत होते, मी अजून आसनावर. गा. रांग मोडून सरळ पुढे आली. मोबाइलचा दिवा लावला.
"आबा."
"येथे?"
"तुम्ही उद्या याल, परवा याल, छत्री सापडणार नाही. आ करा."
अण्णा हातातले प्रसादाचे ताट धरून तसाच उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या बायका थांबल्या. सौ. तुळशीवृंदावनाशी, त्यांनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला असावा. या आसनावरून वडिलांनी वाचले, मी वाचले, दुसऱ्यांची तोंडे उघडवून उच्चार तपासले.
सोवळे नेसून, गळ्यात हार, भर सभामंडपात मी आ केला. पूर्ण, रबर ताणेल तेवढा.
ती वाकली. डावीकडे दिवा धरला, उजवीकडे धरला, पुन्हा डावीकडे. पुष्कळ वेळ पाहत राहिली.
मग दिवा बंद केला आणि म्हणाली, "हं."
कोणता, ते अजून ठरवीत आहे.